खिडकीशी बोलणारा थोरला

आईबापांनी ठेवलेलं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि तिथंच सुखानं पडून होतं. धुलाईघरात तिला सगळे 'कालची' म्हणत. बायका पाळीवर आल्या आल्या विचारत, "कालचं सांग गं." कालचं सांग, कालचं सांग करता करता तिचंच नाव कालची पडलं. काल म्हणजे काल संध्याकाळी सात वाजता लागलेली मालिका. दुसऱ्या कुठल्या कालशी त्या बायकांना देणंघेणं नव्हतं.

धुलाईघर एका मोठ्या इस्पितळाच्या मागल्या अंगाला होतं. रोजच्या आठशे चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे डगले. धुणारी यंत्रं चार, पिळणारं एक, सुकवणारी दोन, आणि मधोमध तो वाफेवर तापणारा लोखंडी रोलर. ओलसर चादर एका बाजूनं आत घालायची, दुसऱ्या बाजूनं ती कडक होऊन बाहेर येते. सगळी यंत्रं एकदम चालू झाली की जमीन पायाखाली म्हशीच्या पाठीसारखी थरथरायची. त्या आवाजात कुणी कुणाला हाक मारायच्या भानगडीत पडत नसे. नवीन आलेलं माणूस पहिले आठ दिवस घसा फोडून घेई, मग गप होई, आणि महिन्याभरात ओठ वाचायला शिके. वर हातांच्या खुणा होत्या. मनगटाला बोट लावलं की वाजले किती. कपाळाला मूठ लावली की सुपरवायझर बाई आल्या, तोंडं मिटा.

कालचीची तिथं एकवीस वर्षं झाली होती. जुनी म्हणून तिला सकाळची पाळी मिळाली होती, आठ ते चार. बाकी बायका बारा ते आठ. मालिका सातला. म्हणजे मालिका सुरू व्हायची तेव्हा इकडे यांच्या हातात रोलरची गरम चादर असायची आणि कालची तिकडे घरात पाय पसरून दूरदर्शन संचासमोर. सकाळी अकराला तीच मालिका पुन्हा दाखवत, पण अकराला बायका घरची कामं उरकून रस्त्याला लागलेल्या असत. फोन कपाटात कुलूपबंद. मग आधार एकच, कालची.

आणि सांगायची पद्धत अशी. चादरीची घडी घालायला दोघी लागतात. चार टोकं दोघींच्या हातांत घेऊन लांब उभं राहायचं, चादर ताणायची, एक झटका द्यायचा, मग चार पावलं पुढं येऊन टोकाला टोक मिळवायचं. पुन्हा मागं, पुन्हा पुढं. एका चादरीत तीन वेळा दोघींची तोंडं वीतभर अंतरावर येतात. त्या तीन भेटींत कालची तीन वाक्यं सांगे. समोर असायची लांबडी. लांबडी इतकी उंच की कालचीचं डोकं तिच्या कोपराला लागायचं, तरी एकविसातली बारा वर्षं तीच जोडी. दोघी समोरासमोर आल्या की लांबडी मान खाली घालून ओठांकडे बघे.

"धाकटीनं पेटी उघडली," कालची म्हणे. मागं चार पावलं. पुढं चार पावलं.

"आत पत्र होतं." मागं. पुढं.

"पत्र कुणाचं ते उद्या सांगतील म्हणे." आणि चादर ढिगावर.

"उद्याच्या," म्हणून लांबडी एक शिवी हासडी, ती वाचायला मात्र ओठवाचन यायला लागत नसे.

दोन वाजता डब्याची सुट्टी. अर्धा तास यंत्रं बंद. मग खरी सभा भरे. कालची कायम भिंतीला पाठ लावून बसायची, म्हणजे सगळ्यांची तोंडं समोर. बायकांना वाटे, हिची पाठ दुखते. त्यांनी तिच्यासाठी एक जुनी उशीही आणून ठेवली होती तिथं.

मालिका एका मोठ्या घरातली. म्हातारी आई, थोरला भाऊ, धाकटा भाऊ, धाकट्याची बायको आणि एक विटांचा कारखाना. धाकटा कुठंतरी निघून गेलेला, आणि सगळ्यांच्या नजरा त्या बिचाऱ्या धाकटीवर. पण धुलाईघराचा जीव होता तो थोरल्यावर. उंच, कमी बोलणारा, आणि बोलायचं झालं की खिडकीकडे तोंड करून, मालिकेतल्या माणसांना पाठ दाखवून बोलणारा. एकदा सगळं घर धाकटीच्या अंगावर धावून आलं, ती रडत रडत जाब विचारायला थोरल्याच्या खोलीत गेली, तेव्हा खिडकीकडे बघत तो म्हणाला होता, "तू जेवलीस का ते आधी सांग. भांडण नंतर करू."

हे वाक्य कालचीनं सांगितलं त्या दिवशी डबे तसेच राहिले. मग ते वाक्य धुलाईघराचंच झालं. कुणी तणतणत आली की दुसरी म्हणे, "जेवलीस का ते आधी सांग." लांबडीनं ते आपल्या नवऱ्यावर चालवून बघितलं. नवरा इतका दचकला की म्हणे दोन दिवस नीट वागला.

एकटी इस्त्रीवाली शंका काढायची. डॉक्टरांचे डगले इस्त्री करणारी ही बाई अंगानं भरलेली आणि जिभेनं त्याहून भरलेली. ती म्हणे, "एवढा भला माणूस आहे तर पाठ फिरवून का बोलतो? मला तर त्यात पाणी मुरताना दिसतं."

"डोळे भरून येतात त्याचे," कालची म्हणे. "दाखवायचे नसतात."

"पुरुषाचे डोळे? घ्या. आमच्याकडे तर कांदा चिरतानाही येत नाहीत."

"तुमच्याकडे कांदा चिरतो कोण?" लांबडी विचारी, आणि सगळ्या हसत.

हसणाऱ्या तोंडांकडे बघून कालचीही हसे. क्षणभर उशिरा.

कारण खरी गोष्ट अशी होती की कालचीला ऐकू येत नव्हतं.

आधी उजवा कान गेला, मग डावा. एकवीस वर्षं त्या यंत्रांपाशी उभं राहिल्यावर कानांनी तरी किती तग धरावा. घरी एकटीच राहायची, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी परगावी दिलेली. मुलीचा फोन आला की म्हणायची, "मला फोनवर नीट बोलता येत नाही बाई, तू लिहून पाठवत जा." दूरदर्शनचा आवाज ती वाढवत गेली, वाढवत गेली, शेवटी शेजारीण दार ठोठावून तोंडासमोर हात नाचवायला लागली. तेव्हा तिनं आवाज पार बंद केला. तिच्या दृष्टीनं फरक काहीच पडला नव्हता. शेजारणीला वाटलं, म्हातारी सुधारली.

मालिकेतली माणसं तोंड समोर करून बोलत तोवर अडत नव्हतं. ओठ वाचण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. म्हातारी आई काय म्हणाली, धाकटी काय म्हणाली, सगळं तिला अक्षरन् अक्षर कळे. अडचण होती ती फक्त थोरल्याची. मेला कायम खिडकीकडे तोंड करून बोलायचा. मग कालची काय करणार? बायका तर वाट बघत असणार. त्याचे खांदे कसे हलले, धाकटीचा चेहरा ऐकता ऐकता कसा झाला, यावरून ती अंदाज बांधी आणि त्याच्या तोंडी आपलं घाली. पहिल्यांदा भीत भीत एक वाक्य. मग दोन. पुढं पुढं तर थोरला कालचीच्या घरचाच झाला.

हे कुणाला सांगायची सोय नव्हती. धुलाईघराच्या भिंतीवर पाटी होती. गाडा ओढणारा घंटा वाजवतो, रोलर अडकला की घंटा वाजते, ज्याला घंटा ऐकू येत नाही त्यानं यंत्रांच्या खोलीत काम करायचं नाही. अशा माणसाची रवानगी रफूच्या खोलीत. ती खोली बोळाच्या टोकाला, जाड भिंतीच्या पलीकडे. एक शिलाई यंत्र, एक खुर्ची, एक खिडकी. तिथली बाई मागच्या साली निवृत्त झाली, तेव्हापासून खोली रिकामी. संध्याकाळी फाटक्या चादरींची टोपली तिथं नेऊन टाकायची एवढाच माणसाचा संबंध. कालचीला बहिरेपणाची भीती नव्हती, ती त्या खोलीला भ्यायची. घरी एक रिकामी खोली होतीच. दिवसाची दुसरी कशाला?

धुलाईघरात सगळेच ओठ वाचत, सगळेच हातवारे करत. तिथं बहिरी बाई लपणं म्हणजे कळपात मेंढरू लपण्यासारखं. दोन वर्षं कुणाला संशय आला नाही.

मग नवी आली.

नवी दुसऱ्या एका धुलाईघरातून बदलून आलेली, पस्तिशीची, चष्मेवाली. कापसाच्या धुरळ्यानं तिला शिंका येत, म्हणून नाकातोंडावर कायम फडक्याची पट्टी. तिचं घर इस्पितळाला लागूनच होतं. अकराची मालिका बघून ती पावणेबाराला निघे आणि बाराच्या ठोक्याला पाळीवर. पहिले तीन दिवस ती सभेत गप बसून राहिली. चौथ्या दिवशी कालची सांगत होती, धाकटीनं कारखान्याचे कागद थोरल्यापुढं टाकले, तेव्हा तो खिडकीशी जाऊन म्हणाला, "हे सगळं तुझंच आहे. मी नुसता राखणदार."

नवीनं डबा खाली ठेवला. "असं कुठं म्हणाला तो?"

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

"मी आत्ता बघून आले. तो म्हणाला, 'सही तुझ्या नवऱ्याचीच आहे, खोटी असेल तर कोर्टात सिद्ध करून दाखव.' अहो, तो थोरला तर एक नंबरचा लबाड आहे. धाकट्याला त्यानंच पळवून लावलंय. पहिल्या भागापासून."

इस्त्रीवालीचा घास हातातच राहिला. "काय गं कालची, ही काय म्हणते?"

नवीच्या तोंडावर पट्टी. घास खाण्यापुरती ती वर करायची आणि पुन्हा खाली ओढायची, बोलताना तर हटकून खाली. कालचीला दिसले ते चष्म्यामागचे दोन डोळे. वाचण्यासारखं तिथं काही नव्हतं. पण सगळ्या आपल्याकडे बघतायत म्हणजे काहीतरी विचारलंय, आणि विषय थोरल्याचा चाललाय, एवढं तिला कळलं. ती तोंड भरून हसली आणि म्हणाली, "हो ना गं. आहेच तो तसा. लाखात एक."

इस्त्रीवाली मग म्हणाली, "बघा. ही नवी थट्टा करतीय आपली," आणि पुटपुटली, "कानामागून आली अन् तिखट झाली." हे नवीला होतं. सुट्टी संपल्याची घंटा झाली, यंत्रं अजून सुरू व्हायची होती.

लांबडी मात्र बसल्या जागी बसून राहिली. बारा वर्षं ती त्या तोंडाकडे वीतभरावरून बघत आली होती. त्यावरचं हसू कधी खरं आणि कधी पेरलेलं ते तिला कळत होतं. ती उठली, कालचीच्या मागं जाऊन उभी राहिली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "तुझ्या पायाशी साप आहे."

कालची पायाशी वाकून निवांतपणे डब्याचं झाकण लावत होती.

यंत्रं सुरू झाली, रोलरमधून पहिली चादर बाहेर आली. दोघींनी टोकं धरली, ताणली, झटका दिला. चार पावलं पुढं.

"तुला ऐकायला येत नाही," लांबडी म्हणाली. नुसत्या ओठांनी.

मागं चार पावलं. कालचीचा चेहरा सुकलेल्या चादरीसारखा झाला होता. पुढं चार पावलं.

"कुणाला सांगितलंस?"

मागं. पुढं.

"अजून नाही."

ती चादर ढिगावर गेली. दुसरी आली.

"कधीपासून?"

"दोन वर्षं. पार बंद होऊन दोन वर्षं."

"मग थोरला?"

तिसरी चादर.

"तो पाठ करून बोलतो. ओठ दिसत नाहीत."

"म्हणजे जेवलीस का, ते?"

"ते माझं."

चौथ्या चादरीच्या पहिल्या भेटीला लांबडीनं नुसती चादरीची चुणी काढली. दुसऱ्या भेटीला तिनं विचारलं, "कुठून आणलंस?"

कालचीनं टोकाला टोक मिळवलं. "मला कुणी कधी विचारलं नाही. म्हटलं, त्या धाकटीला तरी विचारावं."

लांबडीनं उरलेल्या दिवसात एवढंच सांगितलं, की माझ्या तोंडून जायचं नाही. आणि ते गेलंही नसतं. पण झाकली मूठ आपण झाकून ठेवली तरी गाडा काही कुणाची वाट बघत नाही.

पुढच्याच आठवड्यात, सव्वाबाराच्या सुमाराला, ओल्या कपड्यांनी भरलेला गाडा उतारावरून आला. गाडेवाल्यानं घंटा वाजवली. कालची वाटेत उभी राहून अभ्रे मोजत होती. त्यानं पुन्हा वाजवली. ओला गाडा म्हणजे तीन माणसांचं वजन, तो सुटला की बैलालाही आवरत नाही. लांबडी रोलरच्या पलीकडे होती, ओरडून उपयोग नव्हता हे ओरडता ओरडताच तिला आठवलं. नवी जवळ होती. तिनं कालचीच्या दंडाला धरून असा हिसका दिला की दोघी अभ्र्यांच्या ढिगात पडल्या. गाडा भिंतीवर जाऊन आदळला.

मग सगळंच बाहेर आलं. नवीनं दंड धरला तेव्हा घंटा तिसऱ्यांदा वाजत होती आणि कालची मोजत होती, एकोणचाळीस, चाळीस. हे दहा माणसांनी पाहिलं.

सुपरवायझर बाई वाईट नव्हत्या. त्यांनी कालचीला समोर बसवलं, तोंड समोर ठेवून सावकाश बोलल्या. "माझ्या पाळीत तुम्ही गाड्याखाली आला असता, तर मला जन्मभर झोप आली नसती. पाटी मी लिहिलेली नाही, पण चुकीची नाही. उद्यापासून रफूची खोली."

"बरं," कालची म्हणाली. गाडा तिनंही पाहिला होता. पडल्या जागेवरून पाहिला होता, म्हणून जरा जास्तच नीट.

दोनच्या सुट्टीत सभा बसली. लांबडीनं सांगायचं ते सांगून टाकलं. थोरल्याचंही. इस्त्रीवाली भडकली. भडकली म्हणजे हातातला चमचा डब्यात आपटून उठलीच. कालचीच्या अगदी पुढं जाऊन उभी राहिली, म्हणजे ओठ दिसावेत.

"दोन वर्षं वडाची साल पिंपळाला लावलीस. आम्ही येड्यासारख्या ऐकतोय. माझं भावाशी सात वर्षं बोलणं नव्हतं. तो तुझा थोरला एकदा म्हणाला ना, की आधी जो फोन करतो तो लहान होत नाही? मी केला फोन. त्या मेल्या थोरल्याचं ऐकून केला."

कालची खाली बघायला लागली. मग लांबडीनं विचारलं, "मग? भावानं फोन ठेवून दिला का?"

"नाही."

"शिव्या घातल्या?"

"नाही. रडला." इस्त्रीवालीनं पदर खोचला. मग म्हणाली, "पण ते निराळं. फसवणूक ती फसवणूक," आणि डबा घेऊन आपल्या टेबलाशी जाऊन बसली.

कालची दुसऱ्या दिवसापासून रफूच्या खोलीत गेली. उशी बरोबर नेली. तिथं आवाज नव्हता, पण तिला त्याचं सुखदुःख नव्हतं. तिथं तोंडं नव्हती. दिवसभर ती चादर उजेडाला धरी, भोक सापडलं की मागून ठिगळ लावी, कड दुमडी. हात चालत, आणि अधूनमधून ती दाराकडे बघे. सातला घरी मालिका बघायचं तिनं सोडून दिलं. सांगायचं कुणाला नसेल तर बघून काय करायचं? संचावर तिनं एक अभ्रा टाकून ठेवला.

इकडे लांबडीची जोडी नवीशी लागली. नवीनं खरी मालिका सांगायला घेतली. वाईट सांगत नव्हती बिचारी, अगदी जसंच्या तसं सांगायची. पण पट्टीमुळं चादर घालताना सांगता येईना. डब्याच्या सुट्टीत सांगे, आणि बायका मुकाट्यानं चावत ऐकत. थोरल्यानं म्हाताऱ्या आईला घराबाहेर काढलं. थोरल्यानं धाकटीचे दागिने गहाण टाकले. थोरल्यानं असं केलं, थोरल्यानं तसं केलं.

आठव्या दिवशी इस्त्रीवाली म्हणाली, "पुरे. एवढं वाईट ऐकायचं तर मी आमच्या जावेकडे जाऊन बसेन. तिथं निदान चहा मिळतो."

"पण हेच खरं आहे," नवी म्हणाली.

"असेल. खरं काय करायचंय? कोर्टात जायचंय का आपल्याला?"

नवी थोडा वेळ घासाशी खेळत राहिली. मग म्हणाली, "मलाही मावशींचाच थोरला बरा वाटला होता. मी उगाच बोलले त्या दिवशी."

"उगाच कशानं," लांबडी म्हणाली. "तू बोलली नसतीस तर मला कळलं नसतं. आणि तू ओढलं नसतंस तर आज आपण सगळ्या तिच्या घरी गेलो असतो. बसायला."

त्या दुपारी घडी घालताना लांबडीच्या हाताला एक चादर लागली, मधोमध पंजाएवढी फाटलेली. रिवाज असा की घडीच्या वेळी फाटलेलं दिसलं की चादर टोपलीत. टोपली संध्याकाळी बोळाच्या टोकाला. रफू झालं की चादर उलट इकडे, पुन्हा रोलर, पुन्हा घडी. बारा वर्षं लांबडी हे करत आली होती. त्या दिवशी ती चादर हातात धरून उभीच राहिली. नवीनं समोरून टोक ओढलं तरी हलेना.

मग ती चादर तशीच खांद्यावर टाकून सुपरवायझर बाईंकडे गेली.

"बाई, घडी कुठं घालतो आपण?"

"रोलरपाशी."

"का?"

बाईंनी जरा विचार केला. "पहिल्यापासून तिथंच घालतात."

"रोलरमधून निघाली की चादर कोरडी, स्वच्छ. ती घडी घालायला यंत्राच्या तोंडाशी उभं कशाला राहायचं? हलका गाडा भरला की नेली रफूच्या खोलीत. तिथं घडीच्या वेळीच भोक दिसेल, तिथंच शिवलं जाईल. चादर दोनदा फिरायची नाही. पाटी यंत्रांच्या खोलीची आहे. ती खोली यंत्रांची नाही."

"शिलाई यंत्र आहे तिथं," बाई म्हणाल्या.

"त्याला घंटा नाही."

बाईंच्या ओठाचा एक कोपरा हलला. त्या उठून बोळापर्यंत चालत गेल्या, पावलं मोजत गेल्या, परत आल्या. "आठ दिवस करून बघा. काम मागं पडलं तर टेबल परत इथं."

टेबल हलवताना वेगळीच पंचाईत. लांबडं सागवानी टेबल, खोलीचं दार अरुंद. बॉयलरवाल्याला बोलावलं. तो आला, बघितलं, म्हणाला, "बायकांनो, टेबल आत जाणार नाही. एक तर दार कापा नाही तर टेबल." इस्त्रीवाली म्हणाली, "तुझी जीभ कापू आधी. पाय काढ त्याचे." त्यानं खाली निजून चारही पाय सोडवले. मग आडवं करून टेबल आत नेताना सगळ्यात जड बाजू धरली होती ती इस्त्रीवालीनं. तिचं काम तिकडे बाहेर डगल्यांशी होतं, घडीशी तिचा काही संबंध नव्हता, हे तिला कुणी सांगितलं नाही.

कालची खुर्चीतून उठून भिंतीशी उभी राहिली होती. चाललंय काय ते तिला कळेना. पाय पुन्हा बसले, टेबल उभं राहिलं, तेव्हा लांबडीनं गाड्यातली एक चादर काढली, दोन टोकं कालचीच्या हातात दिली आणि मागं गेली. ताणली. झटका दिला. चार पावलं पुढं.

"मालिका बघतेस का?" लांबडीनं विचारलं.

कालचीनं मान हलवली. नाही.

मागं. पुढं.

"बघत जा."

त्या दिवसापासून घडी रफूच्या खोलीत. आठ दिवस सरले. काम मागं पडलं नाही, टेबलही परत गेलं नाही. डब्याची सभासुद्धा आपसूक तिकडेच सरकली. त्या खोलीतली शांतता बायकांना सुरुवातीला जड गेली. आपलाच आवाज एवढा मोठा आहे हे त्यांना पहिल्यांदा कळत होतं. नवीन शिस्त लागली ती एवढीच की बोलणारीनं कालचीकडे तोंड करायचं. भांडणातसुद्धा. भांडण एकीशी आणि तोंड दुसरीकडे, असा तो प्रकार बाहेरून बघणाऱ्याला चमत्कारिक दिसे.

कालची सांगायला लागली होती, पण बेतानं. धाकटीचं सांगे, आईचं सांगे. थोरला आला की म्हणे, "तो काहीतरी बोलला, मला दिसलं नाही," आणि पुढं जाई. कुणी तिला काही म्हटलं नाही. पण अशा वेळी सगळ्यांचे घास जरा थांबत, हे तिला दिसत होतं. तिला दिसण्यावाचून दुसरं होतं काय.

मग एके दिवशी नवी पाच मिनिटं उशिरा आली. डोळे लाल. दोनला सगळ्या टेबलाभोवती बसल्या. कालची आपल्या जागी, भिंतीला पाठ, मांडीवर चादर, सुईत दोरा.

नवी तिच्यासमोर येऊन बसली. तिनं नाकातोंडावरची पट्टी सोडली. कामावर आल्यापासून बोलताना तिनं ती पहिल्यांदाच काढली होती. नाकावर पट्टीचा वळ होता. तिचे ओठ जाड, सरळ, अगदी स्वच्छ वाचता येण्यासारखे होते.

"मावशी," ती म्हणाली, "आमचा थोरला गेला तुरुंगात. तुमचा कुठं आहे?"

कालचीनं दोऱ्याला गाठ मारली. दातांनी दोरा तोडला. सगळ्यांच्या तोंडांवरून तिची नजर एकदा फिरली आणि इस्त्रीवालीशी येऊन थांबली.

इस्त्रीवालीनं हनुवटी उचलली. "माझ्याकडे काय बघतेस? तिनं विचारलंय, सांग. मलाही भावाला सांगायचंय आज. तो रोज विचारतो."

"घरीच आहे," कालची म्हणाली. "खिडकीशी उभा होता सकाळपासून. धाकटी मागं येऊन उभी राहिली. काही बोलली नाही ती. मग तोच वळला."

"वळला?" लांबडी म्हणाली.

"पहिल्यांदाच. तोंड समोर करून."

"आणि काय म्हणाला?"

कालचीनं मांडीवरची चादर बाजूला केली, आपला डबा पुढं ओढला आणि टेबलावरच्या बंद डब्यांकडे बोट दाखवलं.

"उघडा आधी," ती म्हणाली. "मग सांगते."